खिडकीतून आलेला अदाजियो

जर्मनीच्या नैऋत्येला, फ्रान्सच्या हद्दीला खेटून सारब्रुकेन नावाचं शहर आहे. तिथली ट्रॅम तशीच पुढे सीमा ओलांडून फ्रान्समधल्या सारगमिनला जाते. कोळशाच्या खाणी आणि पोलादाच्या भट्ट्या यांवर वाढलेला हा सगळा मुलूख. मी २००४ साली तिथे शिकायला गेले, तेव्हा खाणींचे दिवस भरत आले होते. जर्मनी म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतात ते बर्लिन, म्युनिक. सारब्रुकेनला शिकते असं सांगितलं की आपल्याकडे पुढचा प्रश्न यायचा, "म्हणजे कशाच्या जवळ?"

पहिल्या हिवाळ्यात, स्टेशनसमोरच्या रस्त्यावरच्या एका सीडीच्या दुकानात, थंडीतून आत शिरायला निमित्त म्हणून गेले आणि बारा सीडींचा एक डबा घेऊन बाहेर पडले. ऑस्ट्रियन रचनाकार ब्रुकनर, त्याच्या सगळ्या सिम्फनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचना. घेतला तो केवळ स्वस्त होता म्हणून. नामांकित कंपनीच्या दोन सीडींना जेवढे पैसे पडले असते तेवढ्यात अख्खा डबा. वर वाद्यवृंदाचं नाव होतं: सारब्रुकेन रेडिओ सिम्फनी ऑर्केस्ट्रा. म्हणजे माझ्याच गावातला, ट्रॅमने जाऊन ऐकता येईल असा. आणि कंडक्टरचं, म्हणजे वाद्यवृंद चालवणाऱ्याचं, नाव असं की दुकानातून खोलीवर येईपर्यंत मला ते नीट वाचता आलं नव्हतं. स्तानिस्वाव स्क्रोवाचेव्स्की.

त्या नावाच्या माणसाबरोबर माझी वीस वर्षं गेली आहेत.

स्क्रोवाचेव्स्की जन्मले ३ ऑक्टोबर १९२३ रोजी, ल्वुफ शहरात. तेव्हा ते पोलंडमध्ये होतं, आज युक्रेनमध्ये आहे आणि त्याला ल्विव म्हणतात. वडील मेंदूचे शल्यचिकित्सक, आई पियानोवादक. मुलगा अक्षरओळखीच्या वयात सूर लिहायला लागला. अकराव्या वर्षी त्याने एकट्याने पियानोची मैफल केली, तेराव्या वर्षी बेथोव्हेनचा तिसरा पियानो कॉन्चेर्तो (पियानो पुढे, वाद्यवृंद साथीला अशी रचना) स्वतः वाजवत वाद्यवृंदही सांभाळला. बालप्रतिभेच्या अशा गोष्टी पुष्कळांच्या असतात, त्यात मी फार रमत नाही. मला त्यांची एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आठवते, त्यांनीच मुलाखतींमधून सांगितलेली. सातेक वर्षांचे असताना ते ल्वुफच्या रस्त्याने चालले होते आणि कुठल्याशा उघड्या खिडकीतून सूर आले. पोराचे पाय जागीच थिजले. त्या सुरांनी त्याला असं काही झपाटलं की घरी पोचल्यावर तो आजारी पडला. पुढे कळलं की ते ब्रुकनरच्या सातव्या सिम्फनीतलं अदाजियो होतं.

अदाजियो म्हणजे संथ लयीतला भाग. हे विशिष्ट अदाजियो वीस मिनिटांहून जास्त चालतं. ब्रुकनर ते रचत होता तेव्हा त्याचं दैवत असलेल्या रचनाकार वाग्नरचा अंत जवळ आल्याची त्याला चाहूल लागली होती. १३ फेब्रुवारी १८८३ रोजी वाग्नर व्हेनिसमध्ये गेला आणि त्याच्यासाठीचा शोक ब्रुकनरने या अदाजियोच्या शेवटाशी जोडला. सुरुवात करतात ती वाग्नर ट्यूबा नावाची चार वाद्यं. त्यांचा आवाज शिंगाच्या कुळातला, पण जास्त काळोखा. सोबत खालच्या पट्टीतली तंतुवाद्यं. सात वर्षांच्या मुलाला मृत्यूचं काय कळणार? पण तापासारखं काहीतरी त्याच्या अंगात शिरलं, एवढं खरं.

सप्टेंबर १९३९ मध्ये ल्वुफमध्ये सोव्हिएत फौजा आल्या. जून १९४१ च्या शेवटी त्या गेल्या आणि जर्मन आले. त्या साली बाँबहल्ल्यात एक भिंत कोसळली आणि तिच्याखाली सापडून या मुलाचे दोन्ही हात जायबंदी झाले. वय सतरा. पियानोवादक व्हायचं, हा विषय तिथे संपला.

मी स्वतः लहानपणी कोल्हापुरात गाणं शिकले आहे. माझा गळा काही फार लांब गेला नाही, पण रियाझ म्हणजे काय ते ठाऊक आहे. म्हणून या वाक्यापाशी मला दरवेळी थांबावं लागतं. चार वर्षांचं पोर पियानोवर बसवायचं, तेरा वर्षं त्याच्या बोटांत सूर जिरवायचा आणि मग एक भिंत. असे हात घेऊन माणूस काय करतो? स्क्रोवाचेव्स्कींनी ते हात स्वतः एकही सूर न काढता संगीत करण्याच्या कामाला लावले. कंडक्टरच्या हातातून आवाज येत नाही. तो ज्यांच्या हातातून येतो त्या ऐंशी-नव्वद जणांना तो एका श्वासात आणतो. मला पूर्वी हे काम थोडं नाटकी वाटायचं. एवढे कसलेले वादक समोर नोटेशन ठेवून बसलेत, त्यांना हात हलवून दाखवणारा माणूस कशाला हवा, असं. या डब्याने माझं ते मत बदललं. कसं ते पुढे सांगते.

युद्धानंतर ल्वुफ पोलंडच्या नकाशातून गेलं आणि हे कुटुंब क्राकुफला आलं. तिथे शिक्षण, मग व्रोत्सवाफमध्ये काम, मग फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिस. तिथे नादिया बूलांजे यांच्याकडे रचनाशास्त्र. १९४९ मध्ये परत येऊन कातोवित्से, क्राकुफ, वॉर्सा असा पोलंडमधला प्रवास झाला. १९५६ मध्ये रोमला कंडक्टरांच्या सांता चेचिलिया स्पर्धेत पहिला क्रमांक आला आणि अमेरिकेतल्या क्लीव्हलँड वाद्यवृंदाचे प्रमुख जॉर्ज सेल यांचं तिकडे लक्ष गेलं. सेल म्हणजे वादकांचा थरकाप उडवणारा कडक माणूस. त्यांनी डिसेंबर १९५८ मध्ये या पोलिश तरुणाला पाहुणा कंडक्टर म्हणून आपला वाद्यवृंद दिला. दोन वर्षांत मिनियापोलिसहून बोलावणं आलं. १९६० मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, स्क्रोवाचेव्स्की मिनियापोलिस सिम्फनीचे संगीत संचालक झाले आणि एकोणीस वर्षं त्या खुर्चीवर राहिले. पद १९७९ मध्ये सोडलं, पण गाव शेवटपर्यंत सोडलं नाही. तिथले लोक त्यांना नुसतं 'स्टॅन' म्हणत. अमेरिकनांनी ते जोडाक्षरी नाव असं सोपं करून घेतलं होतं.

मिनेसोटा, म्हणजे मिनियापोलिसचं राज्य, हा कडाक्याच्या थंडीचा, धान्याच्या गिरण्यांचा प्रांत. न्यूयॉर्क-बॉस्टनच्या मानाने आडबाजूला. वाद्यवृंद वाजवायचा तो विद्यापीठाच्या नॉर्थरॉप सभागृहात. जागा साडेचार हजारांहून जास्त, आवाज मात्र मागच्या रांगांपर्यंत पोचेपर्यंत हवेत विरून जायचा. नवं सभागृह हवं म्हणून स्क्रोवाचेव्स्की वर्षानुवर्षं मागे लागले. ऑक्टोबर १९७४ मध्ये ऑर्केस्ट्रा हॉल उघडला तो त्यांच्याच हातून. ध्वनिशास्त्रज्ञ सिरिल हॅरिस यांनी छतातून आणि व्यासपीठामागच्या भिंतीतून प्लास्टरचे मोठमोठे ठोकळे वेडेवाकडे बाहेर काढले आहेत, जणू कुणी वरून साखरेचे चौकोनी खडे ओतलेत. सूर त्यांवर आपटून सगळीकडे सारखा पसरतो. एखाद्या कंडक्टरने मागे काय ठेवलं असं विचारलं तर लोक सीडींची यादी देतात. मी आधी ते छत दाखवीन.

ध्वनिमुद्रणांकडे येते. नॉर्थरॉपच्या काळात मर्क्युरी कंपनीने तीन मायक्रोफोन टांगून केलेली मुद्रणं आजही हाय-फायचे शौकीन शोधत फिरतात. त्यांत प्रोकोफिएवच्या 'रोमिओ आणि ज्युलिएट'चे भाग आहेत, शुबर्टची मोठी नववी सिम्फनी आहे आणि शोस्ताकोविचची पाचवी आहे. ही पाचवी लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचं आहे. लंडनमध्ये १९६१ साली पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइनबरोबर शोपँचा पहिला कॉन्चेर्तो. दोन देशाबाहेरचे पोलिश, तिसऱ्याही देशाबाहेरच्या पोलिश माणसाचं संगीत वाजवताहेत. पियानो ज्याच्या हातून हिरावला गेला तो मागे उभा राहून जगातल्या सर्वांत सुखी हातांना वाट करून देतो आहे. मला त्या मुद्रणात वाद्यवृंदाकडून कुठेही घाई किंवा हेवा ऐकू येत नाही. हेवा ऐकू येतो का, असं कुणी म्हणेल. येतो. साथ करणाऱ्याच्या तबल्यात जसा येतो तसाच येतो.

नव्या सभागृहाच्या काळात व्हॉक्स कंपनीसाठी राव्हेलचं सगळं वाद्यवृंद-संगीत झालं. व्हॉक्सही स्वस्तातली कंपनी. 'डाफनिस आणि क्लोए'मध्ये पहाट होते ती जागा ऐका. बासऱ्या आणि क्लॅरिनेट खाली झुळझुळत असतात, त्यावर चाल हळूहळू वर चढते. बहुतेक मुद्रणांत ही झुळझुळ म्हणजे नुसतं धुकं. इथे पाण्याची एकेक रेष दिसते, तरी पहाट पहाटच राहते. हे भलतं अवघड आहे. स्पष्ट करायला गेलं की जादू जाते आणि जादू राखायला गेलं की सगळं गुळमुळीत होतं. फ्रेंच वाद्यवृंदांचा, मोठ्या कंपन्यांचा राव्हेल माझ्याकडे आहे. पण हा, मिनेसोटाच्या गारठ्यात, क्राकुफ-पॅरिसला शिकलेल्या माणसाने केलेला राव्हेल मला जास्त आवडतो, आणि मी हे कुणाशीही वाद घालायच्या तयारीने लिहिते आहे.

ते स्वतः रचनाकार होते, किंबहुना त्यांना तीच आपली मूळ ओळख वाटत असे. पण कंडक्टिंगच्या रगाड्यात कित्येक वर्षं लिहिणं बंदच पडलं. १९६९ मध्ये इंग्लिश हॉर्नसाठी कॉन्चेर्तो लिहून त्यांनी ते पुन्हा सुरू केलं. इंग्लिश हॉर्न हे ओबोच्या घराण्यातलं, वाद्यवृंदात एका कोपऱ्यात बसणारं, ज्याला फारसा कुणी भाव देत नाही असं वाद्य. परत येताना त्यांनी त्याला मध्यभागी आणून बसवलं. त्यांचं सगळं ऐकून झाल्यावर वाटतं, या माणसाचं लक्ष कायम कोपऱ्यांकडेच होतं. सहकारी रचनाकारांबद्दलही तेच. पेंडेरेत्स्कीचं 'सेंट ल्यूक पॅशन' अमेरिकेत पहिल्यांदा वाजलं ते १९६७ मध्ये, मिनियापोलिसला, यांच्याच हाताखाली.

मँचेस्टरच्या हाले वाद्यवृंदातली १९८४ ते १९९१ ही वर्षं मी इथे ओलांडून जाते. तिथली ब्राम्सची आणि शोस्ताकोविचची मुद्रणं चांगली आहेत, पण माझ्या घरात ती फार वाजत नाहीत.

कारण त्यानंतर सारब्रुकेन येतं. १९९१ मध्ये, वयाच्या अडुसष्टीला टेकले असताना, त्यांनी या छोट्या शहराच्या रेडिओ वाद्यवृंदाबरोबर ब्रुकनर मुद्रित करायला घेतला. १९९४ पासून ते तिथले प्रमुख पाहुणे कंडक्टर. दहा वर्षं लागली. क्रमांक दिलेल्या नऊ सिम्फनी, शिवाय ब्रुकनरने स्वतःच बाजूला सारलेल्या दोन, अशा अकरा. सातव्या वर्षी खिडकीतून ऐकलेलं ते अदाजियोही त्यात आलं, साठ वर्षांनी. २००२ मध्ये या संचाला कान्स क्लासिकल अवॉर्ड मिळालं. बर्लिन आणि व्हिएन्नाचे नामवंत वाद्यवृंद ज्या संगीतावर हक्क सांगतात, ते संगीत खाणवाल्या गावात, एका स्वस्त कंपनीसाठी असं वाजलं होतं.

आता त्या मत बदलण्याबद्दल. ब्रुकनर हा ऑस्ट्रियाच्या खेड्यातला, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा, अत्यंत भाविक माणूस. त्याच्या सिम्फनी सव्वा-सव्वा तास चालतात. सुरुवातीला मला त्या डोंगर वाटल्या, आणि पितळी वाद्यांचा गडगडाट झाला की बाकी काही ऐकूच येईना. पण याच डब्यातली सातवी पुन्हा पुन्हा लावताना एक दिवस कान दुसरीकडेच गेला. व्हायोलिनची नाजूक थरथर आणि तिच्याखाली चेलोंनी उचललेली ती लांबलचक, चढत जाणारी चाल. ती चाल सगळ्यांनाच ऐकू येते. मला त्या दिवशी ऐकू आले ते मधले लोक, दुसरी व्हायोलिन आणि व्हिओला. त्यांच्याकडे चाल नसते, पण ते काहीतरी बोलत असतात, आणि ते काय बोलताहेत यावर वरची चाल उजळते किंवा काळवंडते. स्क्रोवाचेव्स्कींच्या ब्रुकनरमध्ये हे मधलं घर कायम उघडं असतं. पाचव्या सिम्फनीच्या शेवटी पितळी वाद्यं जेव्हा आपलं स्तोत्र घेऊन येतात, तेव्हाही खाली तंतुवाद्यांची लगबग बुडत नाही. एवढ्या मोठ्या आवाजात दुसऱ्या व्हायोलिनला जागा ठेवायची म्हणजे ट्रॉम्बोनला किती आवरावं लागत असेल! आणि आवरलं आहे असं वाटूही द्यायचं नाही. कंडक्टर कशाला लागतो याचं माझ्यापुरतं उत्तर हेच, की प्रत्येक वादकाला स्वतःचं ऐकू येतं आणि सगळ्यांचं मिळून फक्त त्या एकाला.

माझ्या गाण्याच्या बाई बडा ख्याल शिकवताना म्हणायच्या, "वरच्या सा ची घाई करू नकोस गं, तो कुठं पळून चाललेला नाही." ब्रुकनर समजायला मला जर्मन पुस्तकांपेक्षा बाईंच्या या वाक्याची मदत झाली. शिखर येणार हे ठाऊक असतं, पण तिथवर नेणारा प्रत्येक स्वर पुरता राहून पुढे जायला हवं. काही कंडक्टर प्रत्येक टेकडीलाच एव्हरेस्ट करतात आणि खरा एव्हरेस्ट आला की त्यांच्याकडे द्यायला काही उरत नाही. इथे असं होत नाही. स्क्रोवाचेव्स्कींना डोक्यात अख्खी सिम्फनी एका नजरेत दिसत असणार, आपण उंचावरून नदी पाहावी तशी.

मी त्यांना प्रत्यक्ष एकदा पाहिलं, सारब्रुकेनच्याच कोंग्रेसहालेमध्ये. त्या काळात या वाद्यवृंदाबरोबर बेथोव्हेनच्या सिम्फनींचं मुद्रण चालू होतं. माझ्या इमारतीतल्या, तळमजल्यावर राहणाऱ्या आजींकडे वर्षाचं तिकीट असायचं. त्यांच्या मैत्रिणीला बरं नव्हतं म्हणून त्या मला घेऊन गेल्या. व्यासपीठावर एक किडकिडीत, ताठ, पांढऱ्या केसांचा माणूस आला. वय ऐंशीच्या पुढे. मी सगळा वेळ हातांकडेच पाहत होते. मोठे हातवारे नाहीत. उजवा हात लय सांगतो, डावा बराच वेळ शांत आणि मग एकदम एखाद्या कोपऱ्यातल्या वादकाकडे, पोळपाटावरचं पीठ हलकेच झटकावं तसा. आणि तिथून सूर यायचा. मध्यंतरात शेजारच्या आजी म्हणाल्या, "आमच्या वाद्यवृंदाला ह्यांनी ऐकायला शिकवलं." २००७ मध्ये तो वाद्यवृंद दुसऱ्या एका रेडिओ वाद्यवृंदात विलीन झाला. डब्यावर छापलेल्या नावाचा वाद्यवृंद आता नाही.

त्यांची म्हातारपणाची वर्षं पाहिली की मी गप्प होते. २००७ ते २०१० टोकियोच्या योमिउरी निप्पॉन वाद्यवृंदाचे प्रमुख. जपानी लोकांनीही आडनाव सोपं करून घेतलं आणि त्यांना 'मिस्टर एस' म्हणू लागले. २०१२ च्या ऑक्टोबरात मिनेसोटात व्यवस्थापनाने वादकांची टाळेबंदी केली. सोळा महिने चालली. ज्या सभागृहासाठी हा माणूस वर्षानुवर्षं झगडला होता त्याच्या दाराला त्याच्याच वादकांसाठी कुलूप. पगार बंद झालेल्या वादकांनी दुसरीकडे जागा घेऊन स्वतःची मैफल केली, तेव्हा काठी हातात घेऊन पुढे उभे राहिले ते नव्वदीला टेकलेले स्क्रोवाचेव्स्की. वाजली ती शोस्ताकोविचची पाचवी. अर्ध्या शतकापूर्वी याच वाद्यवृंदाच्या मागच्या पिढीबरोबर मुद्रित केलेली, तीच. ते कामगार पुढारी नव्हते आणि त्यांनी भाषणं केल्याचं मी वाचलेलं नाही. ते येऊन उभे राहिले. टाळेबंदी उठल्यावर, फेब्रुवारी २०१४ मध्ये, वादक ऑर्केस्ट्रा हॉलमध्ये परतले त्या मैफलींनाही समोर तेच होते, आणि कार्यक्रमात बेथोव्हेनची 'एरोइका'.

जानेवारी २०१६ मध्ये, ब्याण्णव वर्षांचे असताना, त्यांनी टोकियोत ब्रुकनरची आठवी केली. सव्वा तासाच्या वर. ऑक्टोबरमध्ये मिनियापोलिसला पुन्हा तीच आठवी. ती त्यांची अखेरची मैफल. २१ फेब्रुवारी २०१७ रोजी ते गेले. मी तेव्हा पुण्यात होते. बातमी वाचली आणि रात्री डबा काढला. सातवी लावली नाही. तिला हात लावायचा धीर झाला नाही. पियानोवादक एव्हा कुपिएत्सबरोबर त्यांनी सारब्रुकेनला केलेला शोपँ लावला, तोच पहिला कॉन्चेर्तो. रुबिनस्टाइनसोबतच्या मुद्रणानंतर चाळीस-बेचाळीस वर्षांनी केलेला. वाद्यवृंदाची सुरुवातीची चाल यात जास्त खिन्न आहे, आणि जास्त कोवळीही.

आता शेवटी कोल्हापूरची एक गोष्ट राहिली आहे. माझ्या आजीचं माहेर वळिवड्याजवळचं. दुसऱ्या महायुद्धात वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती, १९४३ ते १९४८. पाच हजारांच्या आसपास माणसं, बहुतेक बायका, मुलं, म्हातारे. सोव्हिएत फौजांनी पूर्व पोलंडमधून, ल्वुफच्या आसपासच्याही मुलखातून, त्यांना उचलून सायबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकलं होतं. तिथून सुटून इराणमार्गे ती इथवर पोचली. छावणीत शाळा होती, दवाखाना होता, चर्च होतं. आजी तेव्हा दहा-अकरा वर्षांची. तिला आठवायच्या त्या सोनेरी वेण्यांच्या पोरी आणि रविवारी चर्चमधून ऐकू येणारं त्यांचं गाणं. कुंपणापलीकडे उभं राहून ती ऐकायची. "रडल्यागत म्हणायची गं ती, पर लई गोड," असं ती सांगायची.

२००६ मध्ये शिक्षण संपवून आले तेव्हा तो डबा बॅगेत होता. एका दुपारी आजीच्या खोलीत मी सातवीतलं अदाजियो लावलं. ती निवडायला घेतलेले तांदूळ मांडीवरच्या सुपात तसेच ठेवून ऐकत बसली. चाळवाचाळव नाही, प्रश्न नाही. दहाएक मिनिटांनी म्हणाली,

"कुणाचं म्हणायचं हे?"

मी सांगितलं, रचना ऑस्ट्रियातल्या माणसाची, आणि वाजवून घेणारा पोलंडचा. ल्वुफ गावचा.

"पोलंडचा? मग आपल्या वळिवड्याला होतं का त्याचं कुणी?"

मला माहीत नव्हतं. नसावं, म्हणाले. ती छावणीतल्या कुणाकुणाची नावं आठवू लागली, तिच्या जिभेवर बसली होती तशी. तेवढ्यात ट्यूबा पुन्हा आल्या, खालून, अगदी हळू. मला वाटलं तिला कंटाळा आला असेल, म्हणून आवाज कमी करायला उठले.

"ऱ्हाऊ दे," आजी म्हणाली. "अजून हाय न्हवं ते?"

"आहे. बरंच आहे."

"मग ऱ्हाऊ दे."